सुईबाईंच्या मधमाश्या

आमच्या भिसेगावात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, वांद्र्याची मोतमाउली, म्हणजे माउंट मेरी, कशाची देवी? मधमाश्यांची, असंच सांगेल. मी तर चौथीच्या पेपरात तसं लिहून गुरुजींचा मारही खाल्लाय. हा सगळा प्रताप फिलोमिनाबाईंचा. दिवसा खालापूरला दवाखान्यात नर्स, संध्याकाळी आमच्या आळीतल्या आजाऱ्यांची काळजी. गाव त्यांना सुईबाई म्हणायचं, अगदी तोंडावर.

इंजेक्शन द्यायची बाईंची तऱ्हा जगावेगळी. पोराला बाकावर पालथं घालायचं, चड्डी खाली ओढायची आणि इतिहास सुरू करायचा. "बघ रं सुन्या, वांद्र्याच्या डोंगरावर आमची माउली. कुनी आनली? फिरंग्यांनी, गलबतातनं. एक दिस आले चाचे. त्यांना वाटलं, हिच्या हातात सोनं हाय. घातली तलवार, तोडला उजवा हात! आन् मग काय आलं?"

"काय आलं?" आम्ही जीव मुठीत धरून विचारायचो.

"मधमाश्या!" की सुई आत.

मग पोरगं बोंबलत आधी बाईंच्याच गळ्यात पडायचं, आणि हातावर लिमलेटची गोळी पडली की चड्डी सावरत धूम. "अरं थांब, पुडचं आयक की!" बाई मागून ओरडायच्या. कोण थांबतोय! ठाकरवाडीतली पोरं, मोहल्ल्यातली पोरं, आम्ही, सगळ्यांचा इतिहास मधमाश्यांपाशीच संपला.

बाईंचं दुसरं खूळ म्हणजे दर सप्टेंबरात माउलीच्या जत्रेला जाऊन मेणाचं मूल वाहायचं. तिथं ज्याचं जे अडलंय त्याचं मेण वाहतात. गुडघेदुखीवाला पाय वाहतो, भाडेकरू घर. पण बाईंचं लग्नच झालेलं नाही, तर मूल कशाला? यावर आळीत भरपूर टवाळी चालायची. मीही केली, खोटं कशाला बोलू.

यंदा बाई मोरीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला कोण एकटीनं जाऊ देणार? जत्रा हुकणार म्हणून त्यांनी जेवणच सोडलं. शेजारीण डबा आणायची, तसाच परत न्यायची. शेवटी मी म्हटलं, "बाई, मी जातो. मेणाचा हात वाहतो, बघा कसा झटक्यात बरा होतो."

"हात नको. मूल वाहा. दरसालचं हाय त्ये."

"आता या वयात?" माझी जीभ मेली वळवळायची थांबत नाही.

बाई रागावल्या नाहीत. "पुडचं कदी आयकलंत का रं तुमी? तुटला त्यो हात तुटलाच. मग लोकांनी काय केलं, त्या तुटल्या हाताशी बाळ येशू ठेवला. तुटलेलं झाकलं गेलं." डाव्या हातानं त्या प्लास्टर कुरवाळत होत्या. "माजा बी हात रिकामाच होता. तुमी सुई खाऊन गळ्यात पडायचात, तेवडा भरायचा. तुमा समद्यांच्या नावानं एक मूल वाहते. सुखात ऱ्हावा, आनि काय!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली होती. टवाळी आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डबा उघडला, भात कालवला आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. बाई जेवल्या.

जत्रेत मेणाच्या दुकानांची रांगच लागलेली. मुलं तीन मापांची होती. दुकानातल्या बाईनं विचारलं, "कुठलं देऊ? मुलाचं वय काय?"

"बावन्न," मी म्हणालो.

तिनं चमकून वर पाहिलं. मी डोळे पुसत होतो. बिचारीनं सगळ्यात मोठं माप काढून दिलं.