वाळूखालचा पाकट

पाण्यात राहणारा प्राणी घरी आणायचा तर आधी पाण्याची सोय करावी लागते, याबद्दल तज्ज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. माणूस पाण्यात राहत नसल्यामुळे त्याच्या सोयीची मात्र तेवढी घाई नसते. कोल्हापुरातले गुळाचे व्यापारी गुरुसिद्धअप्पा हे दोन्ही नियम काटेकोरपणे पाळत.

त्यांच्या पत्नी अक्काताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून परसात पाण्याचा हौद मागत होत्या. पेठेत नळ पहाटे यायचा आणि चूळ भरून होईपर्यंत जायचा. (पाणीपुरवठा नियमित होता, म्हणजे पाणी नियमितपणे जायचं.) घागरी, पिंपं, पातेली, शेवटी मुलांचे डबेसुद्धा भरून ठेवण्यात अक्काताईंची सकाळ संपायची. पण परसात खणलं तर मागची भिंत खचेल, असं इंजिनिअरनं सांगून ठेवलं होतं. अक्काताईंच्या कमरेबद्दल त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मग दोन हजार चारच्या सुमारास समोरच्या अंबादास वकिलांनी दिवाणखान्यात काचेची पेटी मांडली आणि तीत कपाळावर भलंमोठं टेंगूळ असलेला मासा सोडला. तो आल्यापासून वकिलीला बरकत आली, असं ते सांगत. (अशिलांचं मत विचारण्याची पद्धत नाही.) सगळी गल्ली बघायला लोटली आणि इकडं अप्पांची झोप उडाली. टेंगळाला उत्तर द्यायचं तर शार्कच पाहिजे होता.

घर लिंगायताचं. शेजारी अंडं उकडलं तरी खिडकी लावून घेणारं. पण मासा खायला बंदी आहे, पाळायला नाही, असा निवाडा अप्पांनी स्वतःच दिला आणि मोठ्या मनानं मान्यही केला. शिवाय कोकणात ज्याला मुशी म्हणून कालवणात टाकतात, तोच घाट चढून वर आला की शार्क होतो. उंचीवर प्रतिष्ठा वाढते, हे शास्त्रही आहेच.

हौदाची निवड हा गंभीर विषय असल्यामुळे अप्पा माशांच्या दुकानात गेले.

"शार्क एका जागी थांबत न्हाई, पावणं," दुकानदार म्हणाला. "फिरतच ऱ्हातोय. कोपरा आला की नाक आपटतंय त्येचं. हौद गोल पायजे, ऐसपैस. आनि पाणी समुद्राचंच लागतंय."

समुद्राचं पाणी रत्नागिरीहून टँकरनं आणण्याचा विचार झाला. पण दिवस उन्हाळ्याचे. मलकापुरात टँकर चहाला थांबला तर लोक बादल्या घेऊन धावणार आणि चव घेतल्यावर ड्रायव्हरला धरून बडवणार, हे उघड होतं. म्हणून शार्क रद्द झाला आणि पाकट मुक्रर झाला. पाकट म्हणजे भाकरीसारखा चपटा मासा, शेपटीला विषारी काटा. त्याची गोड्या पाण्यातली जात मिळते. त्याला खोली फार नको, तळ रुंद हवा. आणि तळाला बारीक वाळू, कारण दिवसभर तो तीत अंग पुरून बसतो.

आठवड्यात परसात हौद तयार झाला. इंजिनिअर तोच, भिंतही तीच. मधल्या काळात भिंतीची तब्येत सुधारली असावी. नळाला मोटार लावून हौद भरला. (अशी मोटार बेकायदा असते, म्हणून ती अंधारात लावतात.) एवढं पाणी अक्काताईंनी आपल्या घरात कधीच बघितलं नव्हतं. काठावर उभ्या राहून त्या रडल्या. माशाच्या आनंदानं रडतेय, असं अप्पांना वाटलं.

पाकट आला. त्याला कोळंबी घाला, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण त्या घरात कोळंबी येणं शक्य नव्हतं. कोल्हापुरात ज्याला अंग धरायचं आहे त्याला काय घालावं, हे काही दुकानदारानं शिकवायला नको. अप्पांनी भिजवलेले बदाम घातले आणि सकाळ-संध्याकाळ हौदात चरवीभर धारोष्ण दूध ओतलं. पाकटानं हा खुराक चार दिवस सोसला आणि पोट वर करून तालीम सोडली.

इकडं रविवारी पाकट बघायला यायची वकिलांसकट गल्लीला आणि मलकापूरच्या मावसभावाला, बसवेशला, आमंत्रणं गेलेली.

"हौद बुजवायचा," अप्पा म्हणाले. "वर फरशी घालायची. मासा आणलाच न्हवता म्हणायचं."

मासा गेला त्याचं अक्काताईंना वाईट वाटलंच होतं. हौद जाणं मात्र सोसवणार नव्हतं.

"कशापायी बुजवायचा? मासा हाय की."

"कुठं हाय?"

"वाळूत. दिवसभर वाळूतच बसतोय म्हणालता न्हवं दुकानदार? मग बसलाय."

दुधाळ पाणी उपसून हौद पुन्हा भरला. रविवारी माणसं काठावर वाकली. वाळू न्याहाळू लागली.

"दमानं बघा," अक्काताई म्हणाल्या. "नजर लागती त्येला. वकीलसाहेबांसारख्या शिकल्यासवरल्या माणसाला दिसंल की लगेच."

अंबादास वकिलांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हो, हो. डोळे दिसतायत."

"शेपूट हाललं की!" बसवेश ओरडला. शेजारच्या धोंडुबाईंनी भिऊन पाय मागं घेतले.

आलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांना पाकट दिसला. खरा पाकट हौदात असताना हे प्रमाण फारच कमी होतं, कारण तेव्हा तो खरोखरच वाळूत असायचा.

वर्षभरात गल्लीतल्या एकूण एक घरानं पाकटासाठी हौद काढला. कुठलीही भिंत खचली नाही. दुकानदाराचा मात्र एकही मासा खपला नाही, फक्त वाळू खपली. गल्लीतल्या बायका आता पहाटेही निवांत झोपून असतात.

वाचकांपैकी काहीजण हसत असतील, की आम्ही असे फसणारे नव्हे. बरोबर आहे. आपल्या गावच्या नळयोजनेचं उद्घाटन झालं, कोरडी तोटी फिरवली, तेव्हा आपण पुढच्याच रांगेत होता आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. अक्काताईंच्या हौदात मासा नव्हता, हे मान्य. पाणी होतं.