मिसेस ऑर्मरॉडना कसं मारावं?

मी आजवर एकेचाळीस माणसं मारली, पण एकाचीही तक्रार आली नाही! रहस्यकथा लिहिण्यातलं हेच तर सुख. म्हणून चर्चच्या गळक्या छपरासाठी पाद्रीबाबा जत्रेत लिलाव करणार होते, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या पुढच्या कादंबरीतलं प्रेत व्हायचा मान लिलावात ठेवा. बोली जिंकेल त्याला झकास मारतो."

बोली जिंकली मिसेस ऑर्मरॉडनी. या माझ्या घरमालकीण. वय अठ्ठ्याहत्तर, आणि गावच्या केक स्पर्धेतलं पहिलं बक्षीस अकरा वर्षं त्यांच्याच कपाटात. आमच्या घराचा करार सप्टेंबरात संपत होता. म्हणजे बाईंचा खून त्यांच्या मनासारखा झाला नाही, तर मी आणि माझी बायको हिलरी रस्त्यावर.

पहिल्या मसुद्यात मी त्यांना केकमधून विष दिलं. दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन दारात हजर.

"केकमधून? लोक म्हणतील, म्हातारीचा केकच तसला होता."

"बरं, जिन्यावरून ढकलतो."

"माझ्या वयात जिन्यावरून पडलं तर त्याला खून कोण म्हणेल रे, डेस्मंड? म्हणतील, तोल गेला."

"मग सुरा?"

"आणि गालिचा कोण धुणार? तू?"

वर बाई प्रत्येक मसुदा पोस्टात रांगेतल्या लोकांना वाचून दाखवायच्या. पाद्रीबाबांना खुनी केलं, तर ते रडवेले होऊन आले. "अरे, रविवारी चर्चमध्ये माझ्या हातचा प्रसादाचा द्राक्षारस कुणी घेईना." खाटीक गार्थ म्हणाला, "मी बाईंना मारलं असं छापलंस तर ख्रिसमसला टर्की विसर." बटलरवर ढकलावं, तर आमच्या गावात बटलर परवडतो कुणाला?

ऑगस्ट संपत आला. सात प्रकरणं झाली, प्रेताचा पत्ता नाही. माझा गुप्तहेर बिचारा एकोणीस कप चहा पिऊन बसला होता. मी खरंच घाबरलो होतो.

"ज्याच्या मरण्याला कुणाची हरकत नसेल, असा माणूस मार ना," हिलरी टोस्टला लोणी लावत म्हणाली.

"असा आहे कोण?"

ती लोणी लावता लावता माझ्याकडे बघत राहिली.

मग काय, पहिल्याच पानावर लेखकाला मारला, म्हणजे मला. एकोणीस कपवाल्याला घरी पाठवला आणि तपास मिसेस ऑर्मरॉडकडे दिला. बाई खूश. "हे आधी का नाही सुचलं तुला?" म्हणत त्यांनी उभ्या उभ्या पाच वर्षांच्या करारावर सही केली.

आता उरला खुनी. आधीच्या अनुभवानं शहाणा होऊन मी चर्चच्या फळ्यावर नम्रपणे कागद लावला : 'लेखकाचा खून करण्यास इच्छुक असल्यास नाव लिहावे.' एखादं तरी नाव येईल की नाही, याची धाकधूक होती.

संध्याकाळी जाऊन बघतो तर कुणीतरी खाली तीन कागद जोडलेले! पाद्रीबाबा होते. गार्थ होता, सुऱ्याच्या लांबीसकट. पण सगळ्यांच्या वर, ठळक शाईत, माझ्या चांगल्याच ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं :

'हिलरी. सुरा चालेल. गालिचा मी धुईन.'