रंग जुळवलेली केबल

टॅक्सी कंपनीच्या तीन नंबर गाडीतल्या रेडिओचा माईक मुका झाला, तेव्हा मालक दुरुस्तीवाल्याला बोलावणार होते. पण ऑफिसातला रेडिओ सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोने डोळे वटारले. "घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?"

घरातला माणूस म्हणजे तिचा भाऊ. कालपरवापर्यंत तो कापडाच्या दुकानात पडद्यांना अस्तर जुळवून द्यायचा. दुकानदाराने त्याला का काढलं, हे विचारायची सोय नव्हती.

मेहुण्याने भंगारातल्या दुसऱ्याच रेडिओच्या माईकची केबल कापून आणली. आतली प्रत्येक वायर कशासाठी असते, याची चौकशी करण्याइतका तो हलका माणूस नव्हता. त्याने दोन्हीकडच्या वायरी उजेडात धरल्या, लालला लाल लावली, काळीला काळी. गुलाबीसाठी तर तासभर खपून अगदी तीच छटा शोधली. मग बटण दाबून तो "हॅलो, हॅलो" म्हणाला. ऑफिसात आवाज खणखणीत आला आणि बहिणीचा ऊर भरून आला. बटण सोडल्यावर आवाज थांबतो का, हे मात्र कोणी पाहिलं नाही.

तेवढ्यात इस्पितळातल्या बाई आल्या. रात्रपाळीच्या नर्सेसना घरी सोडायचं काम कोणाला द्यायचं, हे त्या ठरवणार होत्या. ते काम मिळालं नाही तर निम्म्या गाड्या विकायची पाळी येणार होती आणि त्या काळजीने मालकांची झोप उडाली होती. ते कोट घालून बाहेर येईपर्यंत मेहुण्याने बाईंना तीन नंबरमध्ये बसवून चक्कर मारायला गाडी काढलीसुद्धा.

ऑफिसातल्या रेडिओतून बाईंचा आवाज आला. "गाड्यांची देखभाल कोण करतं?"

"भावजी, म्हणजे मालक. पण लांबूनच. बघतात आणि पुढे जातात."

मालकांनी झडप घालून माईक उचलला. "अरे, तुझा माईक चालू आहे! तोंड बंद ठेव!"

"अहो, उगाच घसा फोडू नका," बायको म्हणाली. "त्याचा माईक चालू आहे तोवर त्याला आपलं काही ऐकू जाणार नाही."

"तुमच्या घराण्याबद्दल लग्नापासून हेच सांगतोय मी!"

फोन करावा, तर मेहुण्याचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. रेडिओ मात्र सुरूच होता.

"आणि ड्रायव्हर वेळेवर येतात?" बाई विचारत होत्या.

"एक मिशीवाला सोडला, तर सगळे येतात. त्याचा मिशीतच वेळ जातो."

हे सगळ्या गाड्यांमध्ये ऐकू गेलं. पाचव्या मिनिटाला मिशीवाला ऑफिसच्या दारात उभा होता. "कुठाय तो?"

"आधी त्याला अडव, मग काय करायचं ते कर," मालक म्हणाले. मिशीवाला आपली गाडी घेऊन सुटला.

"आणि ऑफिसात कोण असतं?"

"माझी ताई. मायाळू आहे हो. फक्त ती बोलायला लागली, की भावजी स्वतःहून गाड्या धुवायला जातात."

मालकांना हसू आलं. बायकोने पाहिल्यावर ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

थोड्याच वेळात रेडिओतून हॉर्नचा गदारोळ ऐकू आला. "ते मागून हातवारे करतायत ते कोण?" बाईंचा आवाज जरा घाबरलेला होता.

"आमचाच मिशीवाला. माईककडे बोट दाखवतोय बघा. मी दुरुस्त केला ना, त्याचं कौतुक चाललंय. फार एकी आहे आमच्यात."

मालकांनी गाड्यांची यादी पुढे ओढली. कोणती गाडी आधी विकायची, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला.

गाडी परत आली, मागोमाग मिशीवालाही आला. बाई उतरल्या. मालक पडेल चेहऱ्याने पुढे झाले. "बाई, झाल्या प्रकाराबद्दल..."

"मला आधी एक सांगा," बाई म्हणाल्या, "तुमचा रेडिओ गप्प कसा? काल दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसले होते, तर त्यांचा रेडिओ सारखा खरखरत होता. डोकं उठलं माझं. रात्रभर राबलेल्या पोरींना गाडीत डोळा लागायला नको का? इथे येताजाता एक शब्द नाही!"

मालक तोंड उघडणार, एवढ्यात मेहुणा पुढे आला.

"केबल मी जोडलीये. रंग बघून."

"मग काम तुम्हालाच. पण सगळ्या गाड्यांना अशीच केबल हवी, आणि ती यांनीच बसवायची. ही माझी अट आहे."

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग बाह्या सरसावून उभ्या असलेल्या मिशीवाल्याकडे पाहिलं आणि मधे जाऊन उभे राहिले. "उद्यापासूनच बसवतो, बाई."

बाई गेल्या. मेहुण्याचे डोळे भरून आले होते.

"भावजी, एवढं मोठं काम, आणि तुम्ही रेडिओवरून एकदाही मला टोकलं नाहीत. माझ्यावर इतका विश्वास?"

बायको बघत होती.

"आहेच," मालक म्हणाले आणि गाडी धुवायला गेले.