नऊ तालमी, एक गुडघा

लालासाहेब स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्यानं बसून घ्यावं. "तपास आमी करत न्हाई, तपास आमच्याकडं चालत येतो. फौजेत अठरा वर्षं काढलीत. गुन्हेगाराचा वास आमी घेत न्हाई, आमचा वास आला की गुन्हेगार पळतो." वासाबद्दल त्यांचा मदतनीस ज्योतिबा याची काही हरकत नव्हती. साहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून त्याची दोन वर्षं गेली होती. फौजेतली अठरा वर्षं गोदामात ब्लँकेटं सांभाळण्यात गेली, हेही त्याला ठाऊक होतं. आजवर दोघांनी मिळून एक हरवलेली शेळी शोधली होती. तीसुद्धा तपास ऐन भरात असताना आपल्या पायानं घरी आली.

या वेळचं प्रकरण मात्र ज्योतिबाच्या घरातलंच होतं. त्याचा धाकटा भाऊ इंद्रजित पैलवान. दीड वर्षापूर्वी गुडघा फिरला, तेव्हापासून तो मातीत उतरला नव्हता. आता डॉक्टरांनी एका कुस्तीची परवानगी दिली होती. एकच, असं दोनदा बजावून. ती कुस्ती रविवारी, गावच्या यात्रेत.

गेल्या वर्षी गावच्या पैलवानासमोर कुणाला उभा करायचा यावरून डोकी फुटली होती. म्हणून यात्रा कमिटीच्या आप्पासोंनी देवळात भंडारा उचलून शपथेवर जाहीर केलं होतं की यंदा जोड संगणक लावणार, माणसाचा हात तिला लागणार नाही. आटपाडी-विटा भागातल्या नऊ तालमींची यादी संगणकाला दिली. संगणकानं जोड लावली. एक नव्हे, नऊ. प्रत्येक तालमीतला एकेक गडी, आणि सगळ्यांसमोर एकटा इंद्रजित.

"आता मी काय करू?" आप्पासो म्हणाले. "भंडारा उचललाय."

माघार घ्यायची सोय नव्हती. यात्रेत नाव पुकारल्यावर जो उतरत नाही, त्याला पुढं कुठल्या मैदानात कुणी विचारत नाही. इंद्रजित एवढंच म्हणाला, "दादा, लढतो मी नऊ." ज्योतिबाला पुढचं दिसत होतं. दुसऱ्या कुस्तीतच गुडघा जाणार होता, आणि गुडघ्याबरोबर पोरगंही खचणार होतं. दुसरं कुणी सुचेना, म्हणून त्यानं लालासाहेबांना गाठलं.

लालासाहेबांनी यादी उन्हात धरली, मग हुंगली. "नऊ म्हंजे नवग्रह. यामागं ज्योतिषी हाय."

गावातला एकुलता एक ज्योतिषी पंधरा दिवसांपासून साताऱ्याला होता.

"बघ, पळाला. म्हंजे त्योच."

लेकीचं बाळंतपण होतं. मुलगा झाला. साहेबांनी पेढा खाऊन तो संशय मागं घेतला.

दुसरा निष्कर्ष असा निघाला की इंद्रजित एक नसून नऊ आहेत, आणि उरलेले आठ शोधले की काम झालं. दोन दिवस दोघं औंधापर्यंत फिरले. एक इंद्रजित सापडला. वय वर्षं चार. त्यानं साहेबांच्या मिशा ओढल्या, पण जबाब दिला नाही.

"मग कोयनानगर," लालासाहेब म्हणाले. "तिकडं जमीन हालती. धक्का बसला, संगणक हालला, नाव नऊदा सांडलं."

"मग आप्पासोंचं का न्हाई सांडलं?" ज्योतिबानं वैतागून विचारलं.

साहेबांनी लगेच वहीत लिहिलं: आप्पासो, संशयित.

असं करत शनिवार उजाडला. प्रोग्राम लिहिला होता आप्पासोंच्या पुतण्यानं, यशराजनं. तो पुण्याच्या कंपनीत कामाला, यात्रेसाठी गावी आलेला. साहेबांनी त्याला ज्योतिबाच्या अंगणात, तोंडावर ऊन येईल असा बसवला. ऊन डोळ्यात गेलं की माणूस खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धांत होता. यशराजनं खुर्ची सावलीत ओढली आणि लॅपटॉप उघडला.

"प्रोग्राम बरोबर आहे. दहादा तपासलाय. एक लूप, म्हणजे फेरा, एकेक तालीम घेतं. त्याच्या आत दुसरं लूप, ते त्या तालमीतला एकेक पैलवान बघतं. वजन जुळलं की जोड लावायची आणि ब्रेक. ब्रेक म्हणजे थांब."

"ब्रेक फेल," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "कुणीतरी वायर कापलीया."

ज्योतिबाची आई हरणाबाई पलीकडं मेंढरांना पाणी पाजत होती. ती तिथूनच म्हणाली, "आरं पोरा, थांब म्हंजे कुठलं थांब?"

"आतलं लूप थांबतं, मावशी."

"म्हंजे आमचं कोकरू चुकलं. ते मी लोकांच्या कळपात हुडकाय गेले. येकेक मेंढरू बघत बघत कोकरू घावलं, मग त्या कळपातलं बघणं थांबीवलं. आसं व्हय?"

"हो."

"आन मग फुडच्या कळपात काय कराय जातंय तुझं यंत्र?"

यशराजनं पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. "आतल्याला थांब म्हणालोय," तो हळूच म्हणाला. "बाहेरच्याला कुणी सांगितलंच नाही. ते आपलं पुढच्या तालमीत जातंय."

"मग सांग की त्याला," असं म्हणून हरणाबाई बादली घेऊन आडावर गेली.

यशराजनं दोन्ही लूप एका फंक्शनात बसवली, आणि ब्रेकच्या जागी रिटर्न लिहिलं. जोड सापडली की आतलं-बाहेरचं दोन्ही सोडून थेट बाहेर पडायचं. यादी पुन्हा काढली. एकच नाव आलं, विट्याकडचा वीरधवल. आप्पासोंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "जोडीला कुणाचा हात तर नाही ना लागला?" त्यांनी विचारलं. "संगणकानंच लावली," यशराज म्हणाला, आणि ते खरंही होतं. साहेबांनी वहीत नोंद केली: कडक उलटतपासणीत आरोपी ब्रेक याने गुन्हा कबूल केला.

रविवारी वीस मिनिटं झोंबाझोंबी झाली. शेवटी इंद्रजितनं घिस्सा डाव मारून वीरधवलला चीत केलं. हलगी कडाडली, फेटे उडाले. इंद्रजित मात्र आखाड्याच्या मधोमध उभा राहिला, हाताला माती चोळली आणि समोर बघायला लागला. यादी बदलल्याचं त्याला कालच सांगितलं होतं, त्यानं मानही हलवली होती. पण आठवडाभर पोरगं मनातल्या मनात नऊ कुस्त्या लढत होतं.

ज्योतिबा गर्दी सारून मातीत उतरला. "कुणाची वाट बघतोस रं?"

"फुडच्याची."

"फुडं कुणी न्हाई. झालं आता. चल, बाहेर ये."

इंद्रजितनं वाकून गुडघा चाचपला. गुडघा ठणठणीत होता. मग ब्याऐंशी किलोचा तो गडी भावाच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला, आणि चार हजार माणसांसमोर ज्योतिबालाही रडू आवरलं नाही.