भागवतकाकांची शिरगणती

सिंगापूरच्या लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. अशा लिफ्टमध्ये, मी आईचा फोन ठेवतोय न ठेवतोय तोच, एका टोपीवाल्या गृहस्थांनी मला स्वच्छ मराठीत विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन," मी दचकून म्हणालो.

"आणि चुली?"

हे भागवतकाका. वाईच्या शाळेतले निवृत्त मास्तर. जनगणनेची ड्यूटी लागली की बाकीचे शिक्षक आजारी पडायचे आणि काका नवीन चपला घ्यायचे. आता ते आमच्या पुंगोल वस्तीत मुलाकडे, संदीपकडे आलेले, आणि पुंगोल म्हणजे काय, गेल्या पावसात जिथे क्रेन होती तिथे आज पडदे लागलेत. एवढी माणसं न मोजता राहतात, हे काकांना बघवेना. त्यांनी आमचा सोळा मजल्यांचा ब्लॉक मोजायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. "सरकार सरकारचं बघेल," ते म्हणाले, "मी माझं बघतो."

नियम त्यांचा जुनाच: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. त्या नियमाची आमच्या फ्लॅटमध्ये पार दैना झाली. मी विद्यापीठात संशोधन करतो, शेजारच्या खोलीत एक मल्याळी इंजिनियर, त्यापलीकडे एक फिलिपिनो नर्स. घरमालकिणीची अट अशी की स्वयंपाक करायचा नाही, किटली चालेल. तिघंही तीन वेळांना हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जेवतो.

"चूलच नाही?" काका हादरले. "मग तुम्हाला धरू कशात?" दोन दिवस विचार करून ते पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. "एका दारामागे तीन कुटुंबं. नोंद झाली."

जी दारं उघडत नसत, तिथली माणसं काका खिडकीबाहेरच्या बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांवरून मोजत. अकराव्या मजल्यावर सहा निळे शर्ट दिसले म्हणून त्यांनी सहा भाऊ लिहिले. तो निघाला एकटा बसचालक, आठवड्याचे गणवेश एकदम धुणारा! काका त्याच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. नात शरमून लाल, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, पीपल विल कम्प्लेन लाह!" पण तक्रार कोणीच केली नाही. उलट बसचालक आता त्यांना लांबूनच हात करतो.

मग काकांच्या इथे राहण्याच्या पासची मुदत संपत आली. सोमवारी विमान होतं, आणि त्याआधी ब्लॉक पुरा करायचाच असा त्यांनी ध्यास घेतला होता. गुरुवारी ते खाली बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेले दिसले, चेहरा उतरलेला.

"एकच घर राहिलंय," ते म्हणाले.

"द्या, मी विचारून येतो. कोणतं?"

त्यांनी वही पुढे केली. घर त्यांचंच होतं. माणसं चार, हे शाईने लिहिलेलं. कुटुंबांच्या रकान्यात मात्र खोडून खोडून कागद पातळ झाला होता.

"संदीप हार्बरफ्रंटला ऑफिसातच जेवतो," काका सांगू लागले. "सूनबाई नोव्हेनाच्या हॉस्पिटलात, ड्यूटीप्रमाणे कधीही. नात क्लासहून येताना खाऊन येते. मी मुगाची खिचडी लावतो, माझ्यापुरती. माणसं सोन्यासारखी आहेत रे, भांडण नाही, काही नाही. पण चार लिहायला हात धजत नाही. आणि एक लिहिलं तर खोटी नोंद होते. मी जन्मात खोटी नोंद केली नाही."

इतके दिवस मी या माणसाच्या गमती आईला फोनवर रंगवून सांगत होतो.

"लिहा एक," मी म्हणालो. "तपासायला कोण येणार आहे, काका?"

"मीच," ते म्हणाले. मग वही मिटून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रविवारी दुपारी मोकळा आहेस? जेवायला येशील?"

"अहो, जायच्या गडबडीत उगाच त्रास कशाला?"

"त्रास कसला? ये तू," काका म्हणाले. "पाहुणा आला की घरातले सगळे बसतात रे जेवायला."