गाण्याकडे पाठ

गाण्याच्या कार्यक्रमात माणसं गाणाऱ्याकडे तोंड करून बसतात. आमच्या वस्तीतले किसननाना गाणाऱ्याकडे पाठ करून बसत. तेही कुठंतरी कोपऱ्यात नव्हे, अगदी स्टेजच्या पुढ्यात, रॉकेलचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, मांडीवर रुमाल आणि नजर समोर बसलेल्या लोकांवर. परगावची गायनपार्टी पहिल्यांदाच आलेली असली की तिला वाटे, हा माणूस आपल्यावर रुसलाय. एका पेटीमास्तरांनी तर मध्येच वाकून विचारलं होतं, "नाना, आमचं काही चुकलं का?" नाना मान न वळवता म्हणाले, "तुमचं तुमी म्हणा. मला हिकडं काम हाय."

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचं गाव भूम तालुक्यातलं. नाना गावच्या सोसायटीच्या गोदामावर राखणदार होते. खताची गाडी आली की गोदामापुढं जी रेटारेटी होई ती बघण्यासारखी असे. लोक नानांच्या खांद्यावरून, कधी कधी काखेतूनही पुढं घुसत. नाना किल्ल्यांचा जुडगा घेऊन शांत बसलेले असत. "होईल की. खत काय पळून चाललंय का?" एवढंच म्हणत. हा माणूस आयुष्यात कुणावर ओरडला असेल असं कुणाला खरं वाटलं नसतं.

पण जयंतीच्या दिवशी बिल्ला लागला की नाना वेगळेच.

"बूड टेका!" ही त्यांची आरोळी. लाऊडस्पीकर बंद पडला तरी ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जायची. पाय मोकळे करायला उठलेला, चप्पल शोधायला उठलेला, मागून येणाऱ्या पाहुण्याला हात करायला उठलेला, सगळ्यांना एकच हुकूम. एकदा गाणं ऐन रंगात असताना एकजण धावत आला आणि मंडपातल्या आपल्या भावाला हाका मारू लागला, "अरं, बैल सुटलाय!" भाऊ उठला. नानांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "बैल फिरून घरी येतंय. कडवं येत न्हाय. बस."

आमच्याकडे गाणं चालू असताना बक्षीस द्यायची रीत आहे. कुणीतरी नोट घेऊन स्टेजवर जातो, गाणं थांबतं, मग माईकवरून देणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, परवाच जन्मलेल्या पुतण्याचं नाव, असं सगळं घराणं सांगून होतं आणि मग गाणं पुढं सरकतं. नानांना हे अजिबात खपत नसे. असाच एकजण नोट घेऊन निघाला तर त्यांनी त्याला वाटेतच बसवलं. "नोट हातात धर. हात वर ठिव. गाणं संपलं की दे." तो बिचारा पुरं गाणं हात वर करून बसला. मागच्या लोकांना वाटलं त्याला काहीतरी विचारायचंय.

खोकणाऱ्यांसाठी नानांच्या खिशात खडीसाखर असे. कुणी खोकलं की ते एक खडा रांगेतून पुढं धाडत. याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या गाण्यापर्यंत वस्तीतल्या झाडून साऱ्या पोरांना ढास लागलेली असे.

मी तेव्हा उस्मानाबादला बी.ए.ला होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिलाच. म्हणून जयंतीच्या कमिटीनं मला सेक्रेटरी केलं होतं आणि नाना मला परीक्षेआधीच 'बीए' म्हणत. मला वाटायचं, नानांचा गाण्याचा कान फार तयार असला पाहिजे. त्याशिवाय कुणी गाण्यासाठी इतकं भांडेल का? एकदा धीर करून मी विचारलं, "नाना, काल गाणं कसं झालं?"

"लई भारी. दोनच माणसं उठली."

"नाही, म्हणजे पेटी फार गोड वाजत होती ना?"

नाना विचारात पडले. "पेटी हुती व्हय?"

पुढं मी तो विषय काढला नाही.

मी सांगतोय त्या जयंतीच्या आदल्या वर्षी एक प्रकार घडला. सोसायटीचे चेअरमन प्रमुख पाहुणे होते. ते उशिरा आले. मागं चार माणसं, एकाच्या हातात हार. निवेदक गाणं थांबवून त्यांचं स्वागत करणार, तेवढ्यात नानांनी हाताचा पंजा वर केला. "साहेब, हाय तिथंच बूड टेका." चेअरमन जिथं उभे होते तिथं चपलांचा ढीग होता. ते ढिगाशेजारी बसले. हार धरलेला माणूसही बसला. गाण्याची कडवी नेमकी पुष्कळ होती. त्यानंतर चेअरमननी जे भाषण केलं ते फार थोडक्यात होतं, आणि समाजमंदिराच्या छपरासाठी त्यांनी कबूल केलेले पत्रे वर्ष झालं तरी आले नाहीत.

म्हणून कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष सुदामभाऊ म्हणाले, "नानाला काढून टाकता येत न्हाय, मोठं माणूस हाय. पण यंदा त्यानं तोंड उघडायचं न्हाय. एक शबुद बोलला की बिल्ला काढून घ्यायचा, कायमचा. जा बीए, तू सांग."

मी गोदामावर गेलो. नाना किल्ल्या पुसत बसले होते. मी अडखळत निरोप सांगितला.

"एक शबुद?"

"एक शब्द."

"आन् खोकलो तर?"

"खोकलं तर चालेल, नाना."

त्यांनी किल्ल्या खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला कसंतरीच झालं. मग म्हणाले, "डबा तिथंच ठिवायचा ना? जागा तीच ना माझी?"

"जागा तीच."

"मंग न्हाय बोलत. बिल्ला तेवढा काढू नका म्हणावं."

त्या वर्षी दुष्काळ होता. निम्मी वस्ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. रात्री कुणाच्यात जागायची ताकद नव्हती, म्हणून कार्यक्रम दुपारी ऊन कलल्यावर ठेवला. पाण्याचा टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. आज म्हटला की परवा, आणि येणार नाही म्हटला की हमखास दारात. म्हणून बायका कार्यक्रमाला येताना घागरी आणि हंडे घेऊनच आल्या. मंडपात पुढं हंडे, मागं बाया, असं दृश्य होतं. शाहीर जळकोटकडचे होते. माईकवर हात ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे सगळं बक्षिसाचं हाय का?"

नाना आले ते तोंडाला रुमाल बांधून. गाठ मागं मानेवर, चांगली घट्ट. चेअरमन यंदा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी नानांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

नाना बोलणार नाहीत ही बातमी पोरांना लागली होती. मग काय विचारता! एक उठला, उगीच आळस देऊन बसला. दुसरा उठला. नाना डोळे वटारत होते, दोन्ही हातांनी हवा खाली दाबत होते, रुमालाआड त्यांचे गाल फुगत होते आणि पडत होते. एकजण मुद्दामच बायकांच्या बाजूला पाठ करून उभा राहिला तेव्हा नाना डब्यावरून अर्धे उठले आणि अशा अगतिकपणानं मान इकडून तिकडं करू लागले की मलाच राहवलं नाही. मी जाऊन त्या मुलाला खाली बसवलं. नानांनी मला हात जोडले.

आणि शाहिरांचं मुख्य गाणं सुरू असताना टँकरचा हॉर्न वाजला.

सगळा मंडप एकदम उभा राहिला. हंड्यांवर हंडे आपटले. बाया, बापे, पोरं, ज्यांना खोकला होता ते, नव्हता ते, सगळे वेशीकडे धावले. चेअरमनांची खुर्ची गर्दीत कुठं गेली कळलं नाही, ते नुसते उभे दिसत होते. गायनपार्टीतला टाळ्या देणारा मुलगाही लोटा घेऊन पळाला. नाना डब्यावर बसून होते. एवढा मोठा अपराध डोळ्यांदेखत होत होता आणि त्यांना तोंड उघडता येत नव्हतं.

धूळ खाली बसली. मंडप रिकामा झाला होता. शाहिरांनी गाणं तोडलं आणि पेटीचा भाता बंद केला.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा नव्हे. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ, नानांच्या घरच्या शेवंतानानी बसल्या होत्या. पुढं त्यांची घागर होती. त्या उठल्या नव्हत्या. इकडंतिकडं बघतही नव्हत्या.

नानांनी मानेमागची गाठ सोडली.

"शाहीर, थांबू नका."

"कुणासाठी म्हणू, नाना? मंडपात कुत्रं न्हाय."

"माणूस बसलंय की. दिसत न्हाय का? त्यानं बूड हलवलेलं न्हाय. पुरं करा."

"बोलला!" चेअरमन एखाद्या शाळकरी पोरासारखे ओरडले. "सुदाम, बोलला हां हा! लई शबुद बोलला!"

सुदामभाऊ खाली मान घालून पुढं आले. नानांनी त्यांना बोलू दिलं नाही. स्वतःच बिल्ला काढला, पिन मिटवली आणि त्यांच्या हातावर ठेवला. "घे. पण गाणं पुरं होऊ दे."

मग ते डब्यावर परत बसले, पाठ शाहिरांकडेच करून. शाहिरांनी गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. कुणी उठलं नाही, कुणी खोकलं नाही. तिकडं वेशीत टँकर रिकामा झाला.

दिवस मावळताना आईनं मला एक कळशी पाणी देऊन नानांच्या घरी पाठवलं. नाना गोदामावर गेले होते. नानी चुलीपुढं बसल्या होत्या. कळशी ओतून घेत म्हणाल्या, "तुझ्या आईचं उपकार. न्हायतर आज भाकरी कोरड्या पिठाच्याच."

मला राहवलं नाही. "नानी, तुम्ही का उठला नाहीत? पाणी गेलं ना."

"मी कशी उठू?" नानी हसल्या. "आरं, ह्यांना गाण्यातलं काय बी कळत न्हाय."

"ते माहीत आहे मला."

"माझं लगीन झालं तवा ह्या एका खोलीत आमी धा-बारा माणसं. सासूबाई दारात. नवऱ्याशी बोलायचं तर सोडच, मान वर केली तरी शिव्या. हे तांबडं फुटायच्या आत कामाला जायचे, आंधार पडल्यावर यायचे. वरीस झालं तरी ह्यांनी माझं तोंड उजेडात नीट बघितलं नव्हतं. मंग जयंती आली. गॅसबत्तीचा लख उजेड. हे स्वयंसेवक झाले, बिल्ला लावला, आन् बायांकडं तोंड करून बसले. कोन काय म्हणणार? लोक म्हणले, किती चोख वेवस्था बघतंय पोरगं."

"मग ते ओरडायचे का?"

"मधी कोन उभारलं की मी दिसंना व्हायचे."

मी खाली बसलो. मला एकदम पुष्कळ गोष्टी आठवल्या आणि हसू यावं की काय व्हावं ते कळेना.

"पण नानी, आता तर घरात तुम्ही दोघंच आहात."

"घरात कुठं बघत्यात? घरात म्हणत्यात, भाकर वाढ. मीठ कमी पडलंय." त्यांनी चुलीत काटकी सारली. "बघायचं ते जयंतीलाच. मला ठावं हाय, म्हणून मी मधी कधी उठत न्हाय. आंगात ताप आसला तरी."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बिल्ला परत देणार न्हाईत का रं?"

मी सुदामभाऊंशी बोलून बघेन म्हणालो. बोललो देखील. पण पत्रे आले नव्हते आणि चेअरमन काही विसरले नव्हते. मी तसं नानींना येऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं. मंग आपल्या बायांचं स्वागतगीत आसतंय की न्हाय सुरवातीला? त्या कोरसात माझं नाव घाल."

"नानी, तुम्हाला गाता येतं?"

"न्हाय. पर स्टेजवर बसतात ना?"

पुढच्या जयंतीला कोरसात सगळ्या विशीतल्या मुली होत्या आणि मध्ये शेवंतानानी. पुरुषांच्या बाजूला नाना इतर लोकांसारखे जमिनीवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड गाण्याकडे होतं. पोरांनी त्यांच्यापुढं उभं राहून बघितलं. नाना फक्त जरा बाजूला सरकले.

गाणं सुरू झालं. नानींचा आवाज मुलींच्या थोडा मागं आणि बराच वर लागत होता. लोक हसायला लागले. नानींनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता, आपल्या टाळ्या देणाऱ्या हातांकडेच त्या बघत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी पदर मागं सारला, मान वर केली आणि भर मंडपात, साऱ्या वस्तीसमोर, सरळ नानांकडे बघितलं.

मी नानांच्या शेजारी होतो. इतकी वर्षं बघत आलेला तो माणूस खाली मान घालून, लाजून, सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसला होता.