रोल चढेपर्यंत

सिस्टर घरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते आणि बाथरूमचं दार आतून बंद होतं.

तिची रात्रपाळी खरं तर सकाळी आठला संपली होती. पण बदलीची नर्स आलीच नाही, आणि "तासभर थांबा" असं ऐकत ऐकत पाच तास गेले. पाय सुजले होते, कंबर बोलत होती. बसमध्ये दांडीला लटकून उभी असतानाच तिने ठरवून टाकलं होतं की गरम पाण्याने आंघोळ करायची, आडवं व्हायचं, आणि मग कुणाचा जीव जायची वेळ आली तरी उठायचं नाही. नर्सच्या मनात असा विचार येऊ नये, पण आला खरा.

"आत कोण आहे?" तिने सासूबाईंना विचारलं.

"तुझा नवरा," सासूबाई म्हणाल्या. तो काही चांगलं करत असला की त्यांचा मुलगा असे. बाथरूम अडवून बसला की सुनेचा नवरा होई.

"पोट बिघडलंय का?"

"पोट बिघडलं असतं तर औषध तरी देता आलं असतं. फोटो धुतोय."

सिस्टरने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली. दाराखालच्या फटीत तिचा स्वतःचा टॉवेल कोंबलेला होता.

ही भानगड गेल्या रविवारची. सासूबाईंची धाकटी बहीण दूरच्या गावी अंथरुणाला खिळून होती. दोघींची अकरा वर्षांत भेट नव्हती. फोनच्या पडद्यावर मावशीला काही धड दिसत नसे. तिने हट्ट धरला, की ताईचा कागदावरचा, हातात धरता येईल असा फोटो पाठवा, आणि तो आमच्या ह्यांच्या कॅमेऱ्यातून काढा. 'हे' जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा वरून डोकावून बघायचा चौकोनी कॅमेरा मावशीने भाच्याला देऊन टाकला होता. फोटो म्हटलं की तोंड फिरवणाऱ्या सासूबाई बहिणीसाठी बसल्या, बारा फोटो होईपर्यंत बसल्या, आणि उठताना बजावून गेल्या, "परत बसणार नाही. हे बिघडले तर बिघडले."

कुणाही शहाण्या माणसाने तो रोल मुकाट्याने दुकानात दिला असता. पण सिस्टरचा नवरा सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचा. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर त्याला जेवण जात नसे. दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने डबा आणला, रसायनं आणली, चार दिवस एका वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव केला आणि आज रजा टाकली.

काम ऐकायला सोपं होतं. चार बोटं रुंद आणि दोन हात लांब अशी फिल्म काळ्या कागदासकट गुंडाळलेली असते. अंधारात ती कागदापासून सोडवायची, प्लास्टिकच्या चक्रीच्या खाचांमध्ये सरकवायची, चक्री डब्यात ठेवायची आणि झाकण लावायचं. एकदा झाकण लागलं की डबा उन्हात नेऊन ठेवला तरी चालतं. त्याआधी मात्र उजेडाची एक तिरीप लागली तर बाराच्या बारा फोटो काळे ठिक्कर.

"अहो," सिस्टरने दारावर टकटक केली, "किती वेळ?"

"पाचच मिनिटं!"

"सव्वा तासापूर्वीही पाचच होती," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडचा उजेड कमी करा जरा!" आतून आवाज आला.

"बाहेर दुपार आहे. ती मला बंद करता येत नाही. झालंय काय पण?"

"दोन वेढे जातात आणि अडकते. काढतो, परत घालतो, परत दोन वेढे जातात आणि अडकते. आत इतकी वाफ कशी? आंघोळ कुणी केली?"

"मी केली," सासूबाई कडाडल्या. "का? माणसाने आंघोळ करू नये?"

सिस्टर तिथेच जमिनीवर बसली. तिचे डोळे मिटत होते. मिटले असतेही, पण तेवढ्यात बेल वाजली.

दारात नळवाला उभा होता. कमोडची टाकी गळते म्हणून गेले सहा दिवस त्याला रोज फोन जात होता आणि रोज तो "निघालोच" म्हणत होता. आज मात्र तो खरंच निघाला होता. नुसता निघाला नव्हता, तर येता येता जिन्यातला मुख्य नळ बंद करूनच वर आला होता.

"ताई, माझ्याकडे वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "आज झालं तर झालं, नाहीतर मग थेट पुढच्या महिन्यात."

"आत माझे मिस्टर आहेत."

"मग त्यांना म्हणावं या बाहेर."

"त्यांना बाहेर येता येत नाही."

नळवाल्याने आवाज खाली आणला. "कडी अडकलीय? सांगा की मग! दोन मिनिटांत तोडतो."

"तोडू नका!" आतून किंकाळी आली. "दाराला हातसुद्धा लावू नका!"

नळवाला दोन पावलं मागे सरला. त्याने सासूबाईंकडे बघितलं आणि डोक्याशी हळूच बोट फिरवून भुवया उंचावल्या.

"नाही हो, शुद्धीवर आहे," सासूबाई म्हणाल्या. "फोटो धुतोय. माझे."

"मोबाइलवर नाही का निघत?"

"निघतात. पण मग घरातल्यांना त्रास कसा होणार?"

आत काहीतरी टकटक करत पडलं आणि गडगडत गेलं.

"काय पडलं?" सिस्टरने विचारलं.

"नळी." त्याचा आवाज आता रडवेला झाला होता. "डब्याच्या मधली. ती नसली की झाकणातून उजेड जातो. म्हणजे आता फिल्म नुसती डब्यात टाकून बाहेर यायचीसुद्धा सोय राहिली नाही. आणि नळाला पाणी का नाही?"

"मी बंद केलंय," नळवाला म्हणाला.

"हे कोण आहेत?"

"सहा दिवस ज्यांना बोलावताय ते," सिस्टर म्हणाली. तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं. वॉर्डात सगळे एकदम ओरडायला लागले की तिचा आवाज आपोआप खाली येत असे, तसा तो आला. "आता मी सांगते तसं करा. चक्री ओली आहे?"

"ओली नाही. दमट आहे. आणि माझे हात घामाने—"

"ओल्या हातावर रबरी हातमोजा चढत नाही. निम्म्यात अडकतो, आणि ओढला की फाटतो. हे तसंच आहे. ती फिल्म कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि वर बादली पालथी घाला. चक्री घेऊन बाहेर या."

"दार उघडलं की उजेड येईल!"

"इकडे अंधार करते."

मग तिने बाथरूमबाहेरच्या बोळातले तिन्ही दरवाजे लावले. पुढच्या खोलीच्या दाराला काच होती. त्यावर जाड घोंगडी धरून नळवाल्याला स्टुलावर उभं केलं. "हे कामात धरलं जाणार नाही ना?" असं पुटपुटत तो उभा राहिला. सासूबाईंनी दुसरं टोक धरलं.

दार किलकिलं झालं आणि घामाने निथळणारा नकाशेवाला बनियनवर बाहेर आला. चक्री त्याने छातीशी धरली होती. दार लागल्यावर घोंगडी खाली आली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि केसांना साबण लागला होता. तो कसा लागला हे कुणी विचारलं नाही.

सिस्टरने चक्री पुसली, हेअर ड्रायरने खाच न् खाच वाळवली, आपले हात वाळवले. तो पुन्हा आत जायला निघाला, तेव्हा तिने त्याचे हात बघितले. ते पुन्हा घामाने ओले झाले होते.

"तुम्ही बसा. मी जाते."

"तुला कसं जमेल? सराव लागतो त्याला."

"सांगा कसं करायचं ते."

त्याने वाया गेलेला रोल घेऊन दोनदा दाखवलं. तिने दोन्ही वेळा डोळे मिटूनच हात लावून बघितलं. डोळे मिटायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. मग घोंगडी पुन्हा वर गेली आणि सिस्टर आत शिरली.

आत मिट्ट काळोख होता. नळी तिला पायाच्या अंगठ्याने सापडली. फिल्म टॉवेलातून काढून तिने कडा चाचपल्या. वीस वर्षं ती लहान मुलांच्या वॉर्डात डोळ्यांना न दिसणारी शीर बोटांनी शोधत आली होती. ही फिल्म निदान हातपाय झाडत नव्हती. टोक खाचेत बसलं, चक्री एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. न ओढता, न दाबता फिल्म आपली आपण आत गेली. नळी, चक्री, डबा, झाकण. झाकण घट्ट बसल्याचा आवाज आला. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नसतील.

दिव्याच्या बटणाकडे तिचा हात गेला आणि तिथेच थांबला.

किती शांत होतं. कुणी बेल दाबत नव्हतं. कुणी "सिस्टर" म्हणून हाक मारत नव्हतं. इथे कुणाला येता येणार नव्हतं, कारण दार उघडायचं नाही असा नियम तिच्या नवऱ्याने स्वतःच घालून दिला होता.

"झालं का गं?" त्याने बाहेरून विचारलं.

"अजून दोन वेढे," सिस्टर म्हणाली. मग पालथ्या बादलीवर बसून तिने टॉवेलाची घडी मानेखाली घेतली आणि भिंतीला डोकं टेकलं.

पुढे बाहेर काय झालं ते तिला नंतर कळलं. दहा मिनिटांनी तो दाराला कान लावून उभा राहिला. आतून एका लयीत बारीक आवाज येत होता. खर्र, खर्र.

"चक्री फिरतेय," तो आईला म्हणाला. "काय सावकाश, काय एकसारखी फिरतेय! मी घाई केली, तिथेच चुकलो."

सासूबाईंनी कान लावला. बराच वेळ लावला. मग मुलाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"हो रे, चक्रीच आहे," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस आता. तिचं लक्ष उडेल."

त्या खुर्ची आणून दाराला पाठ लावूनच बसल्या. नळवाला तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला वरच्या मजल्यावरचं दुसरं काम उरकून यायला पाठवलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं म्हणून मुलाला झापलं. त्याने पन्नास मिनिटं घरात चवड्यांवर चालून काढली.

सिस्टर बाहेर आली ती डबा दोन्ही हातांत धरून. नवऱ्याने तो तसाच अलगद घेतला. "फार त्रास दिला ना?"

"दिला," ती म्हणाली. "पण चढला."

अर्ध्या मिलिमीटरची रेघ चुकली तर जेवण न जाणाऱ्या त्या माणसाला बायकोच्या गालावर उमटलेली टॉवेलाची वीण दिसली नाही.

नळवाल्याने टाकी दुरुस्त केली, पाणी आलं, आंघोळ झाली, फोटोही झाले. अकरा फोटोंत सासूबाईंचं तोंड उघडं होतं, कारण त्या बोलत होत्या. बाराव्यात त्या हसत होत्या. तो मावशीला पाठवला. चार-पाच दिवसांनी मावशीचा फोन आला, "म्हातारी झालीस गं ताई," आणि सासूबाईंनी "तू आरशात बघ आधी" असं म्हणून सुरुवात केली ती दोघी तासभर भांडल्या. फोन ठेवल्यावर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि खुशीत होत्या.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "पुढच्या रविवारी दोन रोल काढावेत म्हणतो. या वेळी चक्री आधीच वाळवून—"

"नको," सिस्टर म्हणाली. "तुमच्या हाताला घाम येतो. यापुढे रोल मीच भरत जाईन."

"दोन्ही?"

"दोन्ही. वेळ लागेल मात्र."

त्याला भरून आलं. आपल्या छंदात बायको इतका रस घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो ताट घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मग सासूबाईंनी भाजीचं भांडं सुनेकडे सरकवलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"अगं, आत जाताना उशी घेऊन जात जा. टॉवेलाने मान अवघडते."